मानपत्रातला सूर्य

मे महिना लागला की मला फोन यायला लागतात. यंदाचा पहिला परवा आला. शाळेत निकालाचं काम उरकून नुकतीच आले होते, माठातलं पाणी प्याले होते आणि पंख्याखाली नुसती पडले होते. पलीकडून तालुक्याच्या एका शाळेचे मुख्याध्यापक बोलत होते.

“मॅडम, एक मानपत्र पायजे होतं.”

“कोणाचं?”

“आमच्या शिंदे गुरुजींचं. या एकतीसला रिटायर व्हायलेत.”

“कसे आहेत गुरुजी?”

“चांगले हायेत.”

“चांगले म्हणजे? पोरं काय म्हणतात त्यांना? त्यांना कशाची आवड आहे?”

मग म्हणाले, “तुमी लिहा की काय बी. तुमाला तर सवय हाय. सूर्य-बिर्य असू द्या म्हंजे झालं.”

सूर्य-बिर्य! मी हो म्हणाले आणि परत डोळे मिटले. खरं सांगते, मला आता कंटाळा आलाय. ऊन असं की मेंदू वितळतो, असं आम्ही परभणीकर म्हणतो. वितळत वगैरे काही नाही, नुसतं काम सुचत नाही. पण ‘काम सुचत नाही’ म्हटलं तर कोण ऐकून घेणार? म्हणून मेंदू वितळवावा लागतो.

हा मानपत्रांचा हंगाम मेच्या शेवटालाच का येतो, ते सांगायला पाहिजे. आमच्या पिढीत शाळेत नाव घालायला आई पोराला घेऊन जायची. गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई सांगायची, ज्वारी हुरड्यात होती तेव्हाचा. नाहीतर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. ज्वारी आणि पोळा काही रजिस्टरच्या रकान्यात बसत नाहीत. गुरुजी आपले दौतीत टाक बुडवून एक जून लिहायचे. शाळा सुरू व्हायला वय पुरं पाहिजे, एक जून सगळ्यांच्या सोयीची. त्यामुळं आमचा अर्धा जिल्हा एकाच दिवशी जन्मला आणि आता एकाच दिवशी, एकतीस मेला, रिटायर होतो. त्या दिवशी परभणीत शाल मिळत नाही. ही झाली अतिशयोक्ती. हारवाल्याला मात्र आठ दिवस आधी सांगून ठेवावं लागतं, हे खरं.

मी मराठी शिकवते. म्हणजे अलंकार माझ्याकडं. कधीतरी आमच्याच शाळेतल्या एका सरांचं मानपत्र लिहून दिलं, ते वाचताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिथून माझी सुटका झाली नाही. गुरुजी, ग्रामसेवक, नर्सबाई, बँकेतले शिपाई, विद्यापीठातले प्राध्यापक, सगळ्यांना मी लिहून दिलं. कोणी ज्ञानसूर्य झाले, कोणी मायेचा महासागर, कोणी चंदनासारखे झिजले. झिजलेल्यांतले बरेचजण चांगले गुबगुबीत होते. एका उन्हाळ्यात तर एकट्या परभणी तालुक्यात मी चार-पाच सूर्य उगवून दिले असतील. आधीच काय कमी ऊन होतं!

पण दोष एकटीला कशाला देऊ? ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत आमच्या गावानं आपलं नाव थेट जर्मनीच्या शेजारी नेऊन बसवलंय, आणि त्यावर कोणी हसत नाही. हसलंच तर आम्हीच हसतो, आणि पुढच्या पाव्हण्याला परत तेच ऐकवतो. चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. काल मिसरूड फुटलेला पोरगा त्यावर गॉगल लावून सम्राट झालेला असतो. बाया भाजी निवडता निवडता “हजारदा सांगितलं” म्हणतात, “जीव गेला बाई” म्हणतात आणि गेलेल्या जिवानं उठून कुकर लावतात.

माझी आई दळताना ओव्या म्हणायची. ओवीतला भाऊ कायम घोड्यावर बसून यायचा आणि बहिणीला भरजरी लुगडं आणायचा. आमचा मामा सायकलवर यायचा, ती पण शेजाऱ्याकडून मागून आणलेली. पिशवीत असायचे चार पेरू. आईला काय ते दिसत नव्हतं? मामा घोड्यावर बसला असता तर पहिल्या वळणालाच खाली पडला असता, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण जात्यावर बसली की तिला सायकल पुरायची नाही. सासरी राबणाऱ्या बाईला भाऊ भेटायला आला, एवढी मोठी गोष्ट सायकलवर मावत नव्हती, म्हणून घोडा. मी पाळण्यात असताना म्हणे सोन्याचा पाळणा आणि रेशमाची दोरी होती. पाळणा म्हणजे आढ्याला बांधलेलं जुनं लुगडं.

अतिशयोक्तीच्या तासाला मी पोरांना हेच सांगते. अलंकार खोटं बोलत नाही, कारण तो कोणाला फसवायला बसलेला नसतो. ऐकणाऱ्याला माहीत असतं, सांगणाऱ्याला माहीत असतं. पोरं माना डोलावतात आणि पेपरात तेच पाठ करून लिहितात. मीही त्या वयात काही कमी नव्हते. बी.एड.ला होस्टेलवर असताना मी डायरी लिहायचे. त्यात ‘आज माझ्या आयुष्यातला सर्वांत दुःखाचा दिवस’ असं वाक्य इतक्या ठिकाणी आहे की वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई जगली कशी! एका ठिकाणचं कारण मेसची भाजी करपली, एवढंच आहे. पुढं खरोखरच वाईट दिवस आले, आई गेली, तेव्हा डायरीत काहीच लिहिलं नाही. शब्द आधीच वापरून टाकले होते.

हेच मला गेल्या वर्षीच्या मे महिन्यात परत भोगावं लागलं. गेल्या एकतीस मेला आमचे हे रिटायर झाले.

हे एसटीवर ड्रायव्हर. मुक्कामाची गाडी यांच्याकडं असायची, संध्याकाळी परभणीहून सोनपेठला न्यायची, रात्री तिथंच झोपायचं आणि सकाळी गाडी परत आणायची. यांचं नाव सोपान, आगारात सगळे सोपानमामा म्हणतात. यांचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, असं सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, पण कागदावर एक जूनच. बोलणं अगदी मोजकं. जेवण कसं झालंय? ठीक हाय. ऊन किती आहे? हाय. एकदा गाडीचा टायर फुटून गाडी शेतात उतरली, लोक ओरडले, पेपरात बातमी आली. मी घाबरीघुबरी होऊन विचारलं तर म्हणाले, “जरा बाजूला झाली व्हती.” मी अशी, हे असे. आमचा संसार टिकला याचं मला अजून नवल वाटतं.

टिकला याचं एक कारण, आम्ही फार भेटायचोच नाही. हे सकाळी गाडी लावून घरी यायचे तेव्हा मी शाळेत दुसऱ्या तासाला असायचे. मी घरी यायचे तेव्हा हे कपाळाला विभूती लावून निघायच्या तयारीत. एका घरात आम्ही पाळीपाळीनं राहिलो. मी सकाळी ताट वाढून वर दुसरं ताट पालथं घालून जायचे. हे येऊन तव्यावर भाकरी गरम करून खायचे, कधी कंटाळा आला तर तशीच गार. मोरीतलं घासून ठेवलेलं ताट बघून मला कळायचं, आले होते.

तर यांचं मानपत्र मी लिहायचं ठरलं. दुसरं कोण लिहिणार? मी कागद घेऊन बसले आणि मला काही सुचेना. सूर्य लिहिला, तर तो सूर्य मी आधीच कितीजणांना दिलेला. सागर लिहिला, तर त्यात आमचे जुने हेडमास्तर पोहत होते. एकही मोठा शब्द असा उरला नव्हता ज्यावर कोणाचं तरी नाव नव्हतं. ज्यांना मी नीट ओळखतसुद्धा नव्हते त्यांना सगळं वाटून बसले, आणि घरच्या माणसाच्या वेळी डबे रिकामे. मला फार वाईट वाटलं. आगारात त्या दिवशी आणखी दोघंजण रिटायर होणार होते, त्यांची मानपत्रंही माझ्याकडूनच गेलेली, चंदन-बिंदन लावून. आणि यांचंच काय ते कोरं.

मग मी ठरवलं, यांना खरं लिहायचं. एकही अलंकार घालायचा नाही. लिहिलं: ते वेळेवर गाडी काढत. ते कधी प्यायले नाहीत. बाजाराच्या दिवशी म्हातारी माणसं हळूहळू चढत तेव्हा ते हॉर्न वाजवत नसत. ऊसतोडीहून परतणाऱ्या बायांची गाठोडी ते स्वतः खाली उतरून वर चढवत. थांब्यावर हात केलेल्या माणसाला त्यांनी कधीच सोडून दिलं नाही. लिहिता लिहिता मला भरून आलं. इतक्या वर्षांत मी लिहिलेलं हे एकच खरं मानपत्र, असं वाटलं.

दुपारी, हे गाडीवर निघायच्या आधी, यांना वाचून दाखवलं. हे वाळवणाचा पाट उन्हातून आत आणत होते. पाट हातात धरून उभ्या उभ्या ऐकलं. म्हणाले, “चांगलं हाय.”

तेवढ्यात हनीफभाई आले. ते यांचे कंडक्टर. मानपत्र छापून फ्रेम करून आणायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी कागद घेतला, चष्मा चढवला, वाचलं, कागद उलटा करून मागं काही आहे का तेही बघितलं.

“भाभी, ये मानपत्र है के चालचलन का दाखला?”

मी म्हटलं, “का हो? सगळं खरं आहे त्यात.”

“खरंच हाय. म्हनूनच म्हनलं. उन दोनों के मानपत्र में चंदन है, सागर है. हमारे मामा में क्या है? हॉर्न वाजवत न्हाईत!”

मी यांच्याकडं बघितलं. वाटलं, हे म्हणतील, असू द्या हनीफभाई, चांगलं हाय. पण हे पाटावरचे पापड एकेक करून डब्यात ठेवत राहिले. हनीफभाई उद्या येतो म्हणून गेले. मग पापडांकडं बघतच हे म्हणाले, “त्या हेडमास्तरांना काय लिहिलं व्हतं तू? ज्यांच्या चरणी हिमालय बी ठेंगणा व्हतो.”

मी चाट पडले. ते मानपत्र लिहूनही मी विसरले होते. हे माझ्याबरोबर समारंभाला यायचे, मागच्या रांगेत बसायचे, निम्म्या वेळा डुलकी घ्यायचे. म्हणजे, मला डुलकी वाटायची.

“आन त्या नर्सबाईला. ज्यांच्या हाताच्या स्पर्शानं मरणाला बी माघारी फिरावं लागलं.”

“अहो, तुम्हाला सगळं पाठ आहे?”

“सगळं न्हाई.” मग डब्याचं झाकण लावत, “ते थांब्यावरचं वाक्य काढ. खोटं हाय ते. सोडलेत मी मानसं. गाडी भरलेली असली की सोडलेत. एकदा एक बाई लेकरू घेऊन हात करायली व्हती, तिला बी सोडलंय.”

“बरं. काढते. त्या जागी काय लिहू?”

“सूर्य घाल थोडा.”

मला हसू आवरेना. म्हटलं, “अहो, हात केलेली माणसं सोडली म्हणून ते वाक्य खोटं, आणि सूर्य खरा का?”

हे चिडले. चिडले की यांचा आवाज वाढत नाही, बोलणं तेवढं वाढतं. “सूर्य खोटा हाय हे समद्यांना म्हाईत असतंय. त्यानं कोन फसतंय? हे थांब्याचं लोक खरं धरतील. ती बाई तिथं बसलेली असली तर काय म्हनंल? आन समद्यांना दिलास की तू सूर्य. वळखीच्या ना पाळखीच्या मानसांना दिलास. मलाच कमी पडला का?”

घ्या! अतिशयोक्तीचा तास घरातच भरला, आणि शिकवायला कोण, तर हे. मला रागही आला आणि लाजही वाटली, पण सगळ्यात जास्त मला दिसलं ते एवढंच की या माणसाला काहीतरी हवं होतं. लग्न झाल्यापासून यांनी माझ्याकडं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मागितला तो सूर्य.

पुढचे दोन दिवस मी कामाशिवाय बसून होते. कागद समोर, पंखा वरून गरम वारा ओततोय. हे समोरून येत-जात होते, आणि मी यांच्याकडं बघत होते. यांचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत करपून काळा झालाय, आणि शर्टाच्या आत माणूस चांगला गोरा आहे. डोळ्यांच्या कडेला ते बारीक करून करून पडलेल्या सुरकुत्या. मग माझ्या लक्षात आलं. सोनपेठ इथून मावळतीकडं. संध्याकाळी गाडी न्यायची तेव्हा मावळतं ऊन समोरून तोंडावर, आणि सकाळी परत आणायची तेव्हा उगवतं ऊन समोरून तोंडावर. जाताना सूर्य, येताना सूर्य. बाकीच्यांना मी सूर्य आणून चिकटवला होता. यांच्या तर तो कायम काचेपलीकडंच बसलेला होता.

एकतीस मेला आगाराच्या आवारात लिंबाखाली कनात बांधली होती. शेवटच्या खेपेच्या गाडीला झेंडूच्या माळा आणि समोर केळीचे खुंट. उन्हानं माळा दुपारीच मान टाकून बसल्या. यांना फेटा बांधला, वर शाल पांघरली. परभणीच्या मे महिन्यात शाल! घामानं हे नुसते निथळत होते, पण एकदाही ती सारखी केली नाही की खाली सरकवली नाही. पहिल्या दोघांचं चंदन झालं, सागर झाला. मग मी उठले आणि वाचलं.

“ज्या सूर्याकडं आम्ही हाताचा आडोसा करूनही बघू शकत नाही, त्याच्या नजरेला नजर देऊन ज्यांनी आयुष्यभर गाडी हाकली, मावळत्याच्याही आणि उगवत्याच्याही, आणि दर वेळी आधी नजर झुकवली, ती सूर्यानं...”

पुढचं कोणी ऐकूच दिलं नाही. ड्रायव्हर लोकांनी शिट्ट्या मारल्या. हनीफभाई उभं राहून “वा भाभी, वा!” करायला लागले. हे खाली मान घालून बसले होते. फेट्याचा शेमला हलत होता, म्हणून मला कळलं की हे हसतायत.

मग माइक यांच्या हातात दिला. यांनी तो जरा लांब धरला, तापलेलं काही धरतात तसा.

“मला बोलता येत न्हाई. गाडी चांगली व्हती. हनीफभाई चांगले व्हते. रस्ता चांगला नव्हता.” लोक हसले. वाटलं, संपलं. मी पर्स उचलली. पण हे तसेच उभे.

“आन एक सांगायचं व्हतं. मुक्कामावरून सकाळी मी थकून घरी जायचो. आमच्या हिनं मला रोज समोर बसून गरम जेवाय वाढलं. एक दिवस बी मी गार खाल्लं न्हाई. बस्स, एवढंच.”

टाळ्या पडल्या. आधीच्या सूर्याला पडल्या तशा शिट्ट्यांच्या नव्हत्या, शांत होत्या. दोन-तीन बायांनी पदर डोळ्याला लावला. रोज! मी दुसऱ्या तासाला फळ्यापुढं उभी असायचे हो त्या वेळी.

जेवणाच्या पंगतीत एका नव्या कंडक्टरची बायको माझ्या शेजारी येऊन बसली. ती नर्स आहे, ड्यूटीवरून तशीच आलेली, डोळे झोपेनं चुरचुरत असावेत. हळूच म्हणाली, “काकू, मला तर न्हाई जमत हो. ह्यांला कदी-कदी सकाळचंच खावं लागतंय. तुमी शाळा सांभाळून रोज गरम कसं केलं?”

सांगावंसं वाटलं, अगं बाई, असं काही नसतं. मी यांच्याकडं बघितलं. हे लांब हनीफभाईंच्या पानात आग्रहानं जिलेबी वाढत होते.

“जमवलं कसंतरी,” मी म्हणाले.

ती फ्रेम आता बैठकीत आहे. आल्यागेल्याला हे ती दाखवत नाहीत, पण पुसतात मात्र रोज. म्हणजे, दिसलं की पुसतात. शिंदे गुरुजींचा कागद अजून कोराच पडलाय. लिहीन आज-उद्या. त्या मुख्याध्यापकांना परत फोन करून विचारणार आहे, गुरुजींची बायको काय म्हणते ते. नाहीच काही कळलं तर जुना सूर्य आहेच, गुरुजींना तरी तो पहिल्यांदाच मिळणार.

त्या दिवशी आगारातून आम्ही ऑटोनं परतलो होतो. मांडीवर फ्रेम, पायाशी नारळ, फेटा तसाच डोक्यावर. रेल्वेच्या फाटकापाशी ऑटो थांबला, तेव्हा मी विचारलं.

“रोज?”

यांनी मांडीवरची फ्रेम नीट धरली.

“तुम्हीच म्हणाला होता ना, सूर्यानं कोणी फसत नाही. हे तर सगळ्यांनी खरं धरलं की हो.”

“धरलं का?” हे म्हणाले.

“धरलं. ती पोरगी मला विचारत होती, कसं केलं म्हणून.”

“मग झालं तर,” हे म्हणाले, आणि अंगावरची शाल काढून घडी घालून माझ्या हातात दिली. फार गरम होत होतं.